खपली चालते का? एका पथ्याचा इतिहास

लहान मुलाला गव्हाचं पथ्य सांगितलं, की कृष्णाकाठच्या घरातून हमखास एक प्रश्न येतो: "गहू नको, समजलं. पण खपली चालेल की?" प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं नीट उत्तर द्यायचं तर १८८८ सालचं लंडन, १९२४ सालचं न्यूयॉर्क, दुसऱ्या महायुद्धातलं हॉलंड आणि गव्हाची गुणसूत्रं एवढा फेरफटका मारावा लागतो. पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या तुम्ही तो माझ्याबरोबर मारावा असं मला वाटतं. पुराव्याला पुरावा कधी म्हणायचं, हे कोर्सवर्कच्या रिसर्च मेथडॉलॉजीत जितकं कळत नाही तितकं या एका पथ्याच्या इतिहासात कळतं.

आधी आजार समजून घेऊ. सिलिॲक म्हणजे 'गव्हाची ॲलर्जी' नव्हे, जरी लोक तसं म्हणत असले तरी. हा ऑटोइम्यून आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनांचे काही तुकडे आपल्या आतड्यात पूर्ण पचत नाहीत. ज्यांच्याकडे एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे जनुकीय वाण असतात, त्यांच्यातल्या काहींची प्रतिकारशक्ती या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर सपाट करून टाकते. अस्तर सपाट झालं की खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही. उपाय एकच: ग्लुटेन आयुष्यभर बंद.

आता समजा, कुरुंदवाडातली सात वर्षांची एक मुलगी आहे. दोन वर्षं उंची हललेली नाही. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे. लोहाचं सिरप चालू आहे, तरी हिमोग्लोबिन वर येत नाही. जंताचं औषध दोनदा देऊन झालं. घरचे म्हणतात, "बारकीच आहे ती, आज्जीवर गेलीय." यातलं एकही स्पष्टीकरण मूर्खपणाचं नाही. जंत असतात, रक्त कमी असतं, आज्जी बारीक असतात. म्हणूनच हा आजार लपतो. तो दुसऱ्याच्या नावावर खपतो.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयातले डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८७ च्या ऑक्टोबरात या दुखण्यावर व्याख्यान दिलं आणि १८८८ साली ते छापून आलं. 'सिलिॲक' हा शब्द मात्र फार जुना, ग्रीक भाषेतल्या पोटाच्या शब्दावरून आलेला. दुसऱ्या शतकातल्या अरेटिअस या वैद्याने तो वापरला होता. गी यांचं वर्णन आजही पुस्तकात घालावं इतकं नेमकं आहे. एक ते पाच वर्षांची मुलं, पांढुरके, भसाभस, दुर्गंधी जुलाब, वाळत जाणारं अंग. आणि त्यांनी एक वाक्य असं लिहिलं की रोगी बरा होणार असेल तर तो आहारानेच होईल.

बरोबर ना? दिशा अगदी बरोबर. आता त्यांची यादी बघा. तांदूळ, साबुदाणा, मक्याचं पीठ: वर्ज्य. दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पातळ पाव: चालेल. म्हणजे जे सुरक्षित तेच बंद आणि जे विष तेच भाजून द्या! आपल्याकडे उपासाला चालणारा साबुदाणा त्यांनी बंद केला आणि टोस्ट चालू ठेवला. गी यांची अडचण अशी, की त्यांनी अन्नाची विभागणी 'पिठूळ' आणि 'बिनपिठूळ' अशी केली होती. वर्गीकरणच चुकलं तर त्याच्या आत कितीही काळजीपूर्वक निरीक्षण केलं तरी उत्तर सापडत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये व्हेरिएबल ठरवताना हे लक्षात ठेवा.

त्याच लेखात एक गमतीची नोंद आहे. एका मुलाला रोज क्वार्टभर, म्हणजे लिटरहून थोड्या जास्त मापाचे, हॉलंडचे शिंपले खायला दिले. मूल झकास सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम संपला, मूल पुन्हा आजारी पडलं. पुढच्या हंगामात त्या पोराने शिंपल्यांना तोंड लावायला साफ नकार दिला. (मी त्याच्या बाजूने आहे.) शिंपल्यात काही जादू नव्हती. शिंपल्यांनी पोट भरल्यावर पाव खायला जागा उरत नव्हती, एवढंच. पण हे कळायला आणखी साठ वर्षं गेली.

मधे आलं केळं. न्यूयॉर्कचे सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्याचा आहार प्रसिद्ध केला. आठ मुलांना केळी, दूध, मांस, भाज्या असं दिलं, ब्रेड-बिस्किटं-बटाटे बंद केले, आणि मुलं सुधारली. आजवर मरणारी मुलं वाचू लागली, त्यामुळे हास यांचं नाव झालं आणि पुढची कित्येक वर्षं हाच उपचार चालला. आता मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट सांगतो. हास यांनी पोर्तो रिकोमधली माहिती वाचली होती. तिथे शहरात राहणारे, पाव खाणारे लोक स्प्रू नावाच्या अशाच आजाराने ग्रासले जात, आणि खेड्यातले, केळी खाणारे लोक त्यातून सुटत. एकाच डेटात दोन उत्तरं होती: 'केळी वाचवतात' किंवा 'पाव मारतो'. हास यांनी पहिलं निवडलं. परिणाम काय झाला? मूल बरं झालं की आहार संपला, मूल पुन्हा पाव खाऊ लागलं, आणि आतडं पुन्हा बिघडलं.

उपचार लागू पडला म्हणून त्यामागचं स्पष्टीकरण सिद्ध होत नाही. तुमच्या प्रयोगात तुम्ही एक गोष्ट घालता तेव्हा नकळत दुसरी काढून टाकत असता. कंट्रोल हवा तो या दुसऱ्या गोष्टीसाठी.

मग विलेम कारेल डिके. हेगच्या ज्युलियाना बालरुग्णालयातले हे बालरोगतज्ज्ञ. यांच्याबद्दलची एक गोष्ट तुम्ही यूट्यूबवर नक्की ऐकाल: १९४४-४५ च्या 'भुकेच्या हिवाळ्यात' जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले, हजारो माणसं मेली; पण सिलिॲकची मुलं मात्र सुधारली, कारण पावच नव्हता. मग बाहेरून मदतीचं अन्न आलं, पाव आला, आणि मुलं पुन्हा आजारी पडली. डिकेंच्या डोक्यात दिवा पेटला.

गोष्ट सुंदर आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. पण तारखा जुळवून बघा. डिकेंचा गहूविरहित आहारावरचा लेख डच वैद्यकीय साप्ताहिकात १९४१ साली आलेला आहे, म्हणजे हिवाळ्याच्या तीन वर्षं आधी. त्यांना ही शंका १९३० च्या दशकातच आली होती. त्यामागे एका आईचं निरीक्षण होतं असं सांगितलं जातं, की पाव बंद केला की पोराला बरं वाटतं. युद्धाने डिकेंना कल्पना दिली नाही. आधीपासून मनात असलेल्या कल्पनेला एक क्रूर, कोणीही न आखलेला प्रयोग करून दाखवला. लिटरेचर रिव्ह्यू करताना 'युरेका' छापाची गोष्ट दिसली की आधी त्या माणसाचे जुने पेपर काढून बघायची सवय लावून घ्या. निम्म्या गोष्टी तिथेच गळून पडतात.

शिवाय दुष्काळातल्या आठवणीवर विज्ञान उभं राहत नाही. उपाशी हॉलंडात पावाबरोबर शंभर गोष्टी बदलल्या होत्या. डिकेंनी पुढे काय केलं ते महत्त्वाचं. मोजक्या मुलांना वर्षानुवर्षं आलटून पालटून गहू असलेला आणि गहू नसलेला आहार दिला, त्यांच्या वजना-उंचीचे आलेख ठेवले, आणि हे काम १९५० साली उत्रेख्त विद्यापीठात प्रबंध म्हणून सादर केलं. होय, तुम्ही लिहिणार आहात तसाच पीएच.डी.चा प्रबंध. तोवर त्याच शहरातल्या व्हान दे कामर या रसायनशास्त्रज्ञाने मलातली चरबी मोजण्याची पद्धत बसवली होती. ऐकायला घाण, पण या सगळ्या इतिहासातलं माझं सर्वांत आवडतं काम हेच. 'मूल बरं दिसतंय' याच्या जागी आता आकडा आला: खाल्लेल्या चरबीतली किती वाया गेली. पाव दिला, आकडा वर. पाव काढला, आकडा खाली. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतंत्रपणे तेच दाखवलं.

पण गव्हातलं नेमकं काय? इथे मी तुम्हाला चैत्रातल्या गच्चीवर नेतो. कुरडया करताना गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून, पिळून, गाळून त्याचा चीक काढतात. चीक खाली बसतो, वरचं पाणी ओततात, चोथा बाजूला पडतो. चीक म्हणजे मुख्यतः स्टार्च. प्रथिनांचा मोठा भाग चोथ्याबरोबर जातो. इटलीतल्या बोलोन्यात बेकारी नावाच्या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात पिठाचा गोळा पाण्याखाली धुऊन असेच दोन भाग वेगळे केले. हातात उरलेल्या चिवट गोळ्याला पुढे ग्लुटेन म्हणू लागले. डिके, वायर्स आणि व्हान दे कामर यांनी १९५० नंतर हीच विभागणी वापरली. मुलांना स्टार्च दिला, त्रास नाही. ग्लुटेन दिलं, त्रास. गी यांना जी पिठूळ गोष्ट गुन्हेगार वाटत होती ती निर्दोष सुटली.

(म्हणून घरची कुरडई सिलिॲकच्या मुलाला देऊ नका हं. गाळणीतून थोडं प्रथिन चिकात उतरतंच. आंतरराष्ट्रीय मानकाला चालणारा गव्हाचा स्टार्च कारखान्यात खास प्रक्रिया करून, तपासून घेतलेला असतो.)

यापुढचा इतिहास पटकन सांगतो, कारण तो पाठ्यपुस्तकात मिळतो. १९५० च्या दशकात तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा तपासता येऊ लागला आणि सपाट झालेलं अस्तर डोळ्यांना दिसलं. १९९७ मध्ये बर्लिनच्या गटाने शरीर ज्या स्वतःच्या प्रथिनावर हल्ला करतं ते ओळखलं: टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज. आज डॉक्टर जी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी लिहून देतात ती यातूनच आली. एक व्यवहाराची गोष्ट इथेच: तपासणीआधी गहू बंद करायचा नाही. बंद केला की काही महिन्यांत अँटिबॉडी उतरतात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि गोंधळ कायमचा होतो.

आता भारत. बरीच वर्षं हा 'गोऱ्यांचा आजार' समजला जात होता. १९६६ मध्ये वालिया, घई, टंडन आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सिलिॲकवर 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं. म्हणजे आजार इथे होता, बघणारं कोणी नव्हतं. त्यानंतर २०१६ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी'त रामकृष्ण आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. हा पेपर तुम्ही मिळवून वाचाच. हरियाणा, आसाम आणि तमिळनाडूतलं वेल्लोर अशा तीन भागांतल्या २३,३३१ प्रौढांची तपासणी. सिलिॲकचं प्रमाण उत्तरेत हजारी ८.५३, ईशान्येत ४.६६ आणि दक्षिणेत ०.११. रोजचा सरासरी गहू उत्तरेत ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७, दक्षिणेत २५. आणि ते जोखमीचे जनुकीय वाण? अनुक्रमे ३८.१, ३१.४ आणि ३६.४ टक्के लोकांत.

हा तक्ता दोनदा वाचा. पहिल्यांदा वाचलं की वाटतं, सोपं आहे: जनुकं सगळीकडे जवळपास सारखी, गहू जिथे जास्त तिथे आजार जास्त. दुसऱ्यांदा ईशान्येचा स्तंभ बघा. ३७ आणि २५ ग्रॅममध्ये फरक तो काय, अर्ध्या चपातीचाही नाही. आणि आजारात फरक चाळीस पटींचा. म्हणजे गव्हाच्या वजनाने सगळं उलगडत नाही. चांगला तक्ता एक प्रश्न सोडवतो आणि दुसरा हातात ठेवतो.

आणि या तीन भागांत महाराष्ट्र नाही. आपण भूगोलानेही मधे आणि ताटानेही मधे. दोन पिढ्यांपूर्वीचं कृष्णाकाठचं ताट आठवा किंवा आज्जीला विचारा: रोजची ज्वारीची भाकरी, भात असेल तर, आणि गहू म्हणजे सणाची पोळी किंवा पाहुण्याची चपाती. मग १९५६ पासून पीएल-४८० कराराखाली अमेरिकेचा गहू येऊ लागला आणि रेशनवर मिळू लागला. १९७२ च्या दुष्काळात आलेली लाल मिलो मात्र ज्वारीच होती. तिला लोकांनी नावं ठेवली, पण सिलिॲकच्या दृष्टीने ती निर्धोक. हरितक्रांतीने गहू स्वस्त केला. शिरोळ तालुक्यात पाणी आलं, तसा ऊस आला आणि ज्वारीची रानं उसाखाली गेली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू दोन रुपये किलो ठरला. भरड धान्य कागदावर एक रुपया किलो होतं, पण शिधापत्रिकेवर ते हातात किती वेळा पडलं हे तुमच्या घरी विचारा. आज इथल्या पोराचा दिवस चहा-बिस्किटाने सुरू होतो, डब्यात चपाती, संध्याकाळी नूडल्स, रविवारी मिसळीबरोबर ब्रेड. उत्तरेचं ताट आपल्याकडे चालत आलंय. त्याबरोबर आजार किती आला, हे मोजायचं काम तुमच्यापैकी कोणीतरी करायचं आहे.

एवढं झाल्यावर आता खपलीकडे येऊ. सांगली, कोल्हापूर, सातारा, बेळगाव या पट्ट्यात हा गहू टिकून राहिला. टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं, म्हणून तो सडून घ्यावा लागतो. लग्नाची, जत्रेची खीर त्याचीच. या धान्याची जगात ओळख आहे: मिनेसोटाच्या स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये तांबेरा रोगाच्या जाती ओळखायला गव्हांचा जो संच ठरवला त्यात एका वाणाचं नावच 'खपली'. आपल्या चुलीवरचा शब्द जगभरच्या गहू-संशोधकांच्या तक्त्यात जाऊन बसला. पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी खपलीचे सुधारित वाणही काढलेत. एवढा मान असलेलं, जुनं, 'गावरान' धान्य पोराला बाधेल कसं, असं आज्जीला वाटलं तर त्यात नवल नाही.

शास्त्र काय म्हणतं? नेहमीच्या गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असतात: ए, बी आणि डी. खपलीत दोनच, ए आणि बी. २००२ मध्ये 'सायन्स'मध्ये एका प्रसिद्ध पेपरने ग्लुटेनचा ३३ अमिनो आम्लांचा एक न पचणारा तुकडा दाखवला, जो प्रतिकारशक्तीला सर्वांत जास्त डिवचतो. हा तुकडा डी संचातून येतो. म्हणजे खपलीत तो नाही! इथपर्यंत वाचून बरेच लोक थांबतात आणि 'खपली सेफ' असा फॉरवर्ड पाठवतात. पण ए संचातही सिलिॲकच्या टी-पेशी ओळखतील असे तुकडे आहेत. आणि खपलीत ग्लुटेन कमी असतं हेही खरं नाही. ते नाजूक असतं, लवकर तुटतं, म्हणून चपाती वेगळी होते, पण प्रमाण साध्या गव्हाहून कमी नाही. तेव्हा आज्जीला उत्तर: नाही, आज्जी, खपली चालत नाही. साखरेच्या रोग्याला ती बरी की नाही हा वेगळा विषय. या पोरीला नाही म्हणजे नाही.

हास आणि केळं आठवलं का? 'सर्वांत वाईट तुकडा नाही' आणि 'सुरक्षित आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारताना मधे कोणीतरी मोजलेलं असावं लागतं.

मोजायचं तर किती? इटलीतल्या कातास्सी यांच्या गटाने २००७ मध्ये बऱ्या झालेल्या रुग्णांना नव्वद दिवस ठरावीक, सूक्ष्म मात्रा देऊन पाहिल्या. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन आतड्याला इजा करायला पुरेसं ठरलं. आता घरचं गणित करू. एका चपातीला ३० ग्रॅम कणीक, त्यात सुमारे ११ टक्के प्रथिनं, त्यातलं पाऊण ते ऐंशी टक्के ग्लुटेन: म्हणजे अडीच ग्रॅम. ५० मिलिग्रॅम म्हणजे चपातीचा पन्नासावा भाग. पिठाच्या भाषेत एक-दोन चिमटी. लाटताना पोळपाटावर भुरभुरलेली पिठी याहून जास्त असते. 'ग्लुटेन-फ्री' लिहायला आपल्याकडचं मानक किलोमागे २० मिलिग्रॅमचं आहे, ते यामुळेच इतकं कडक.

इथे लोक घाबरतात. मला उलट वाटतं, की आपल्या स्वयंपाकघराला हे शिकवावं लागत नाही. खरकटं, उष्टं, उपासाचं, बिनउपासाचं हे सगळे शब्द स्पर्शाने होणाऱ्या बदलाचेच आहेत. एकादशीला उपासाच्या भांड्यात साधा चमचा बुडाला तर आज्जी काय करते? संपूर्ण पातेलं बाद. तीच शिस्त एका पोरीसाठी रोज पाळायची, कारण मात्र वेगळं. वेगळा तवा, वेगळी परात, वेगळं उलथणं, आणि आधी तिची भाकरी, मग घरच्यांची चपाती. उपासाच्या फडताळातलं वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा सगळं तिला चालतं.

भाकरीतलं विज्ञानही बघून घ्या. ग्लुटेन नाही म्हणजे ताणून धरणारं जाळं नाही. म्हणून आपण कढत पाणी घालतो. स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ सांधलं जातं. पीठ जुनं झालं की 'विरी गेली' म्हणतात, भाकरी थापतानाच फाटते. तांदळाची उकडही याच तत्त्वावर. म्हणून गणपतीत इकडे रूढ असलेल्या कणकेच्या तळणीच्या मोदकांऐवजी तिला उकडीचे मोदक, आणि पुरणपोळीऐवजी उकडीच्या पारीत भरलेलं पुरण. खिरीचा हट्ट असेल तर ज्वारीच्या कण्या रात्रभर भिजवून मऊ शिजवायच्या. गूळ, खोबरं, सुंठ, वेलदोडा नेहमीसारखंच.

धोका असतो तो उघड गव्हात कमी, लपलेल्या गव्हात जास्त. बांधणी हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे वरणाची फोडणीच संशयित. खडा हिंग किंवा तांदळाच्या पिठातला हिंग बघून घ्यायचा. थालीपिठाच्या भाजणीत गहू. मेतकुटात गहू. सातूच्या पिठात गहू किंवा जव. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव. आणि सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. हे सर्वांत अवघड. डबा नाकारता येतो, प्रसाद नाकारायला सात वर्षांच्या पोरीला काय बळ लागत असेल ते बघा. यजमानांना आधी सांगून तिच्यासाठी केळ्याची फोड किंवा पंचामृत वेगळं काढून ठेवलेलं बरं.

पूर आला की ही सगळी घडी विस्कटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुका पाण्याखाली होता. मदत म्हणून बिस्किटांचे पुडे, पाव आले. सरकारने कुटुंबामागे १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ जाहीर केले. मदत पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, १९४५ सालच्या हॉलंडातही होता. सिलिॲकच्या घराने पावसाळ्याआधी भडंग, भाजके शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, तांदळाचं पीठ असा एक डबा वेगळा बांधून ठेवावा, आणि भडंगात हिंग असेल तर तो कुठला हे पाहावं.

शेवटी गिरणी. पूर्वी जात्यावर दळण घरचं होतं. आता ज्वारी, गहू, डाळ सगळं एकाच गिरणीच्या पाट्यांतून जातं, आणि आधीच्या दळणाचं पीठ आत राहतंच. म्हणून आया सांगतात, "गव्हावर टाकू नका हो." ज्यांना परवडतं ते घरघंटी घेतात. ज्यांना परवडत नाही, त्यांनी गव्हामागून किती किलो ज्वारी सोडून दिल्यावर आपलं दळण टाकावं? हा प्रश्न एका एमएस्सीच्या डिझर्टेशनमध्ये बसतो. तीन गिरण्या घ्या, गव्हानंतर दहा किलो ज्वारी दळा, प्रत्येक किलोचा नमुना वेगळ्या पिशवीत घ्या आणि आर५ एलायझाने ग्लुटेन मोजा. गिरणीवाल्याची परवानगी आधीच घ्या, कशासाठी तेही सांगा. फक्त कुठल्या वारी येणार ते सांगू नका, नाहीतर बिचारा आदल्या रात्रीच पाटे झाडून ठेवील.